बोईसरची पेटंटवाली मंडळी

आमच्या ऑफिसात पेटंटं किती, असं कोणी विचारलं की चुरी सर भिंतीकडे बोट दाखवतात. तिथे फ्रेमी टांगल्या आहेत, ज्याला हव्या त्याने मोजून घ्याव्यात. पण त्या पेटंटांमागचे किस्से किती, असं विचारलं तर मात्र भिंत पुरायची नाही! अर्ज केल्यापासून सर्टिफिकेट हातात पडेपर्यंत वर्षं जातात. तेवढ्या काळात माणसं भांडतात, लग्नं करतात, कीबोर्डवर चहा सांडतात, रुसतात आणि परत बोलायला लागतात. पेटंट मिळतं एक, किस्से साठतात ढीगभर. शिवाय किस्स्यांचं पेटंट कोणी घेत नाही, त्यामुळे मी बिनधास्त सांगते.

आधी मंडळी सांगते. बोईसरला एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. तारापूर एमआयडीसीतल्या कंपन्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. गेटवरून कुठली गाडी आत आली, कुठला माल बाहेर गेला, कोणी मंजूर केला, हे सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर. चुरी सर मालक. चिंचणीचे, घरची चिकूची वाडी. मुंबईत मोठ्या कंपनीत बरीच वर्षं काढली आणि एक दिवस बॅग उचलून परत आले. येताना पेटंटाचं वेड घेऊन आले. प्रसाद जळगावचा, तो प्रोग्रॅम लिहितो. निर्मला चिंचणीच्या बाजूच्या मच्छीमार गावातली. स्क्रीन कसा दिसावा, बटण कुठे असावं, ते ती ठरवते. आणि मी माधवी, वाणगावची, टेस्टिंग करते. म्हणजे या तिघांनी मन लावून केलेलं काम मोडून दाखवायचं आणि वर पगार घ्यायचा!

*

आमचं पहिलं पेटंट बटणाचं.

कंपन्यांत काम करणाऱ्यांच्या हातात ग्लोव्हज असतात. जाड बोटाने टचस्क्रीन दाबायला जावं एकीकडे आणि दाबलं जायचं भलतंच. ‘गाडी आत’ दाबलं की ‘गाडी रद्द’ व्हायची. ड्रायव्हर गेटवर शिव्या देत उभा.

निर्मलाने उपाय काढला. प्रत्येक माणूस बटणाच्या कुठल्या बाजूला बोट टेकवतो, हे सिस्टीम त्याच्याकडून हळूहळू शिकणार आणि बटण तेवढं त्या बाजूला सरकवणार. माणसाने बदलायचं नाही, बटणाने बदलायचं! सर इतके खूश झाले की त्यांनी त्याच दिवशी पेटंटच्या वकिलांना फोन लावला.

एका रंगाच्या कंपनीच्या गेटवर आम्ही ते बसवलं. गेटवर यादवजी नावाचे गृहस्थ होते, यूपीचे, फार शिस्तीचे. थोड्या दिवसांनी त्यांचाच फोन आला, लगेच या म्हणून. सर, निर्मला आणि मी गेलो.

स्क्रीनवर बटण दिसेना. शोधलं तर ते डाव्या कोपऱ्यात अर्धं बाहेर गेलेलं, भिंतीला चिकटलेल्या पालीसारखं!

झालं असं होतं की यादवजी बटणाच्या डाव्या कडेला बोट टेकवायचे. बटण डावीकडे सरकायचं. यादवजी पुन्हा त्याची डावी कड शोधायचे. बटण अजून डावीकडे.

यादवजी हात जोडून म्हणाले, “मॅडम, ये बटन मेरे को देख के भागता है!”

सरांनी समजावलं, “यादवजी, वो भागता नहीं. वो आपसे सीख रहा है.”

यादवजींचा चेहरा पडला. “साब, मैंने इसको भागना कब सिखाया?”

मग आम्ही बटणाला हद्द घालून दिली, की सरकायचं तर एवढ्यातच. पेटंटात त्याला ‘पूर्वनिश्चित सीमा’ असं भारदस्त नाव आहे. ऑफिसात अजूनही सगळे ‘यादव-मर्यादा’ म्हणतात.

*

पेटंटाचा एक नियम असा, की अर्ज दाखल होईपर्यंत आपला शोध जगाला सांगायचा नाही. सांगितला की त्याचं नवेपण गेलं. सरांनी हा नियम इतका मनावर घेतला, की आम्हाला घरी बोलायचीसुद्धा बंदी! “भिंतींना कान असतात” हे ते म्हणायचे, आणि भिंतीच्या पलीकडे हार्डवेअरवाल्याचं गोडाऊन होतं. पाइपांना कान असतील तर असोत.

नेमकं याच काळात प्रसादचं लग्न ठरवायला घेतलं होतं.

मुलगी मानसी. पालघरला एका बँकेत नोकरीला. वडील तारापूरच्या अणुवीज केंद्रात, राहायला तिथल्याच कॉलनीत. प्रसाद आई-वडिलांना घेऊन बघायला गेला. पोहे झाले, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, आणि मानसीच्या आईने विचारलं, “तुम्ही नक्की काय काम करता?”

प्रसाद म्हणाला, “ते सांगता येत नाही.”

त्याच्या आईने कपाळावर हात मारला. पण मानसीचे वडील एकदम ताठ बसले. ते म्हणाले, “बरोबर आहे. असं विचारू नये.” त्यांनी स्वतः सगळी नोकरी याच एका वाक्यावर काढली होती. आपल्यासारखा माणूस भेटला म्हणून गडी जाम खूश! निघताना त्यांनी प्रसादचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला.

मानसी मात्र काही एवढ्याने ऐकणारी नव्हती. गॅलरीत दोघांना बोलायला पाठवलं तेव्हा तिने सरळ विचारलं, “खरंच सांगता येत नाही, की सांगण्यासारखं काही नाहीच?”

“आहे,” प्रसाद म्हणाला, “पण अजून अर्ज गेला नाही.”

“कुठे?”

“तेही सांगता येत नाही.”

मानसी म्हणाली, “मग काम काय ते कळेल तेव्हाच मी हो की नाही ते सांगीन.”

झालं! तिथून पुढे प्रसादचा जीव अर्जात अडकला. मुलगी त्याला मनापासून आवडली होती. रोज सकाळी आला की बॅगसुद्धा न ठेवता विचारायचा, “गेला का अर्ज?” आणि अर्ज काही केल्या जाईना. वकील मॅडम एक शब्द बदलायच्या, सर दोन बदलायचे, मॅडम पुन्हा पहिला आणायच्या. इतका निर्विकार मुलगा, पण एकदा जेवणाच्या डब्यासमोर बसून मला म्हणाला, “माधवीताई, ‘तथापि’ आणि ‘परंतु’ यांच्यात माझं लग्न मोडणार.”

शेवटी अर्ज दाखल झाला. प्रसाद त्याच दुपारी बाइक काढून पालघरला गेला. मानसीला बँकेच्या बाहेर बोलावलं आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. “ऑनलाइन फॉर्म भरताना चूक झाली की सगळं भरून झाल्यावर शेवटी लाल चौकटी येतात ना? मग वर जाऊन शोधत बसावं लागतं. मी असं केलंय की चूक होते आहे असं वाटलं, की त्याच वेळी, त्याच जागी, न ओरडता सांगायचं. बस.”

मानसी त्याच्याकडे बघत राहिली.

“एवढंच?”

“एवढंच.”

“अहो, मग आधी बोलायचं ना!” ती म्हणाली. “मी बाबांना सांगून बसले, की घरात एक अणुभट्टी आहे तेवढी पुरे!”

लग्नात चुरी सर मुलीकडच्या पंगतीत बसून जेवले. मानसीचे वडील त्यांच्या कानाशी लागून म्हणाले, “तुमचं ते काम... मी कोणाला बोललो नाही हं.”

*

आता ज्या वकील मॅडमनी प्रसादचा जीव टांगणीला लावला, त्या कानिटकर मॅडम. मुंबईहून यायच्या. स्वभावाने अगदी लोण्यासारख्या, पण कागदावर उतरल्या की साधी वस्तू साधी राहायची नाही. खुर्ची म्हणायची नाही. ‘बसण्यायोग्य पृष्ठभाग व त्यास जोडलेला किमान एक आधार असलेली रचना’ म्हणायचं. ‘एक’ म्हटलं तर उद्या कोणी दोन पायांची काढेल. म्हणून ‘किमान एक’. त्या ‘किमान एक’वर मॅडमचा भारी जीव.

मॅडम आल्या की दोन-दोन दिवस तसंच बोलणं कानावर. मग ते आमच्या तोंडात बसायचं. निर्मलाला तर नादच लागला. “माधवीताई, किमान एक पेन देता?” “प्रसाद, किमान एक खिडकी उघड, उकडतंय!”

अशाच एका दिवशी ऑफिस भरलेलं होतं. आम्ही, मॅडम, मॅडमची असिस्टंट आणि रंगाच्या कंपनीतून आलेले तिघं पाहुणे. निर्मलाने खिडकीतून खाली चहाच्या टपरीवर हाक मारली, “शंकरभाऊ, किमान एक चहा पाठवा!”

शंकरभाऊ स्वतःच वर आले. ट्रेमध्ये एकच कप! मधोमध ठेवलेला, देवासमोर ठेवतात तसा.

आम्ही सगळे त्या कपाकडे बघतोय. सर म्हणाले, “शंकरभाऊ, अहो, इतकी माणसं बसली आहेत!”

“मग तसं सांगायचं ना साहेब,” शंकरभाऊ म्हणाले. “किमान म्हणाली पोरगी. मी म्हटलं, कमीत कमी एवढं तरी झालंच पाहिजे.”

कानिटकर मॅडमनी तो कप उचलला, एक घोट घेतला आणि असिस्टंटला म्हणाल्या, “बघ. शब्दाची व्याप्ती समोरचा नेहमी आपल्या सोयीने लावतो. हे लिहून घे.”

*

पेटंटाचं वेड डोक्यात शिरलं की माणसाला घरातसुद्धा शोधच शोध दिसतात.

एकदा सर सकाळी धापा टाकत जिना चढून आले. हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी. दार लावून घेतलं. रुमाल उघडला तर आत टीव्हीचा रिमोट!

वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोने, त्या रिमोटला पुठ्ठ्याचं कव्हर केलं होतं. कव्हरला भोकं फक्त आवाज, चॅनल आणि चालू-बंद यांच्यापुरती. बाकीची बटणं झाकलेली. सरांच्या आईकडून टीव्ही सारखा परदेशी भाषेत जायचा, म्हणून केलेला बंदोबस्त.

“समजतंय का तुम्हाला?” सर कुजबुजले. “वापरणाऱ्याच्या गरजेप्रमाणे इंटरफेस आपोआप सोपा! हेच आपण सॉफ्टवेअरमध्ये आणायचं. शोधक म्हणून बायकोचं नाव टाकू.”

लगेच कानिटकर मॅडमना व्हिडिओ कॉल. सरांनी आधी गुप्ततेची शपथ घातली, मग रिमोट हळूच कॅमेऱ्यासमोर धरला.

मॅडम उठल्या, आत गेल्या आणि परत आल्या. त्यांच्या हातात एक रिमोट. त्याला पुठ्ठ्याचं कव्हर. त्याला भोकं.

“सासूबाईंचा आहे,” त्या म्हणाल्या. “चुरी सर, आधीपासून असलेल्या अशा शोधालाच आम्ही ‘प्रायर आर्ट’ म्हणतो.”

*

माझं स्वतःचंही एक पेटंट आहे बरं का! बोटाचं.

टचस्क्रीन तपासायचा म्हणजे दिवसभर बटणं दाबत बसायचं. माझी बोटं दुखायला लागली. म्हणून मी आणि प्रसादने एक यांत्रिक बोट केलं. मोटर, सळई आणि टोकाला रबराची टोपी. सॉफ्टवेअर सांगेल तिथे ते जाऊन टेकायचं, मग स्क्रीनने काय केलं ते तपासायचं. बटणाची जागा बदलली तरी स्वतः शोधून काढायचं. मी चहाला गेले तरी बोट आपलं काम करतंय, टक टक टक. जीव जडला होता माझा त्याच्यावर.

दसरा आला. आमच्याकडे कामाच्या वस्तूंची पूजा होते. कॉम्प्युटर, प्रिंटर, सर्व्हर, सगळ्यांना झेंडूचे हार. निर्मला हळदीकुंकवाची कोयरी घेऊन फिरत होती. बोटाकडे आली, म्हणाली, “हा तर आपला सगल्यात कामाचा मानूस!” आणि त्याच्या टोकाला नुसतं बोट लावून थांबली नाही, चांगली हळद थापली. वर झेंडूचं एक फूल बांधलं.

बोट चालूच होतं, हे कोणाच्या ध्यानात नव्हतं.

आम्ही पेढे खाऊन परत आलो तर स्क्रीन पिवळाधमक! बोट टक टक करतंय, फूल डोलतंय, आणि टेस्टच्या रिपोर्टमध्ये ओळीने नापास, नापास, नापास. कालपर्यंत नीट चाललेलं सॉफ्टवेअर सणाच्या दिवशी आडवं! हळदीमुळे स्क्रीनला स्पर्शच कळत नव्हता.

मी निर्मलावर चिडले. ती रडवेली झाली. प्रसाद कापडाने स्क्रीन पुसायला लागला.

“पुसू नकोस!” सर ओरडले.

सर स्क्रीनच्या अगदी जवळ जाऊन त्या पिवळ्या डागांकडे बघत होते. म्हणाले, “रंगाच्या कंपनीत माणसांच्या हाताला काय असतं?”

पावडर! दिवसभर त्यांची बोटं पावडरीने माखलेली. ते लोक कायम तक्रार करायचे की स्क्रीन मधेच ऐकत नाही, आणि आम्ही म्हणायचो, आमच्याकडे तर व्यवस्थित चालतं. आमची बोटं स्वच्छ होती ना!

दसऱ्याच्या मुहूर्तावर कामाला लागलो. ओझरता स्पर्शसुद्धा ओळखायची पद्धत बसवली आणि बोटाला रोज वेगवेगळी पावडर लावून तपासणी सुरू केली. पिठी, खडू, शाडू. अर्जात कानिटकर मॅडमनी लिहिलं, ‘चाचणीपूर्वी अग्रभागी चूर्णस्वरूप पदार्थाचा लेप देणे’.

पेटंट ऑफिसातून प्रश्न आला, लेप देण्याची ही कल्पना शोधकांना कशी सुचली?

मॅडमनी फोन करून विचारलं, काय उत्तर देऊ?

निर्मला म्हणाली, “लिवा ना. परंपरेने.”

*

प्रसादच्या त्या लाल चौकटीच्या अर्जाचं पुढे काय झालं, तेही ऐका.

काही वर्षांनी त्याची सुनावणी लागली. व्हिडिओवर होती. एका चौकटीत पेटंट ऑफिसचे अधिकारी, दुसऱ्या चौकटीत मुंबईहून कानिटकर मॅडम आणि तिसऱ्या चौकटीत आम्ही चौघं, एका टेबलामागे दाटीवाटीने, वर्गाच्या फोटोसारखे.

पेटंटाच्या कायद्यात एक काल्पनिक माणूस असतो. त्या क्षेत्रातलं काम जाणणारा, पण डोक्याने साधारण. त्याला जे सहज सुचेल, त्याला पेटंट मिळत नाही. अधिकारी सभ्य होते. शांतपणे म्हणाले, “हे तर या क्षेत्रातल्या कोणाही सामान्य जाणकाराला सुचलं असतं.”

मॅडमनी आम्हाला आधीच बजावलं होतं, की तुम्ही कोणी बोलायचं नाही, मी बोलते. पण ‘सामान्य’ हा शब्द सरांना झोंबला. मॅडम तोंड उघडायच्या आत सरांनी प्रसादच्या खांद्यावर हात ठेवून त्याला कॅमेऱ्यासमोर ओढलं.

“साहेब, हा बघा! हा आमच्याकडचा सामान्य जाणकार. चांगला अनुभवी आहे, रोज हेच काम करतो. यालाच विचारू. प्रसाद, खरं सांग. तुला हे कधी सुचलं असतं का?”

प्रसादला एक सवय आहे. सरांच्या आवाजावरून त्यांना कुठलं उत्तर हवंय ते त्याला कळतं आणि तो तेच देतो.

“नाही सर,” प्रसाद म्हणाला.

“बघा!” सर म्हणाले.

अधिकाऱ्यांनी समोरचे कागद उलटले. चष्मा नीट केला.

“पण अर्जावर शोधक म्हणून यांचंच नाव आहे.”

कानिटकर मॅडमच्या चौकटीतला कॅमेरा हळूच बंद झाला.

पेटंट मिळालं शेवटी. मॅडमनी नंतर लेखी युक्तिवाद केला, तो फारच चांगला होता म्हणतात. पण निर्मलाने प्रसादच्या टेबलावर झकास अक्षरांत छापलेली पाटी आणून ठेवली, ‘सामान्य जाणकार’. ती त्याने अजून काढलेली नाही. मानसी ऑफिसात आली की आधी ती पुसते.

*

सरांच्या आई दिवसभर चिंचणीच्या वाडीवरच असतात. पहिलं सर्टिफिकेट आलं तेव्हा सर ते फ्रेमसकट घेऊन वाडीवर गेले. आम्हीही गेलो होतो. आजी अंगणात चिकू निवडत बसल्या होत्या. हात पुसून त्यांनी फ्रेम मांडीवर घेतली.

“हेमंता, याच्यावर तुजा फोटो नाय?”

“नसतो, आई.”

“मग यात काय लिवलंय?”

सरांनी कौतुकाने समजावलं, की जागा बदलणाऱ्या बटणाची पद्धत आता आपल्या मालकीची.

“म्हंजे दुसऱ्या कोनी आपलं बटन सरकवलं तर?”

“आपल्या पद्धतीने सरकवलं, तर मी त्याला कोर्टात खेचू शकतो.” सरांनी शर्टाची कॉलर नीट केली.

आजींनी फ्रेम उलटी करून मागची बाजू पाहिली, परत सुलटी केली आणि सरांच्या हातात दिली.

“आनि बाजूवाल्याने आपल्या वाडीचं कुंपन सरकवलं, तवा कुटं गेलतास?”

*

आता शेवटचा. हा आमच्यात सगळ्यात आवडता आहे, पण सरांसमोर कोणी सांगत नाही.

मध्यंतरी मुंबईच्या एका मोठ्या कंपनीची ऑफर आली. सगळी पेटंटं त्यांना द्यायची. बोईसरचं ऑफिस बंद होणार, आम्हाला मुंबईत नोकऱ्या मिळणार. सर दमले होते. त्यांनी आम्हाला बसवून सगळं मोकळेपणाने सांगितलं. “तुमचं सगळं नीट बोलून घेतलंय मी. कोणाला काही म्हणायचंय का?”

काय म्हणणार? माझं घर वाणगावला, मानसीची बँक पालघरला आणि निर्मलाच्या घरी तिच्याशिवाय आईकडे बघायला कोणी नाही. पण पेटंटं कंपनीची, कंपनी त्यांची, इतकी वर्षं ओढलीही त्यांनीच. त्यांनी दमायचं नाही तर कोणी? त्या दिवसापासून ऑफिसात नुसता कीबोर्डचा आवाज. निर्मला गाणी गुणगुणायची ती बंद झाली.

आमच्याकडचा कुठलाही कागद बाहेर जायचा तर तो आमच्याच सॉफ्टवेअरमधून सरांनी मंजूर करावा लागतो. आणि त्यात निर्मलाचं अगदी ताजं काम बसवलेलं होतं. काही पुसताना किंवा पाठवताना स्क्रीन विचारतो ना, ‘तुमची खात्री आहे का?’ लोक न वाचता ‘हो’ दाबून मोकळे होतात. निर्मलाचं म्हणणं, आपल्या घरची बोली कानावर पडली की माणूस थांबतोच. म्हणून तिची चौकट ज्याच्या त्याच्या घरच्या बोलीत विचारायची. एकदा थांबून माणूस पुन्हा तेच करायला गेला, तर दुसऱ्यांदा जरा स्पष्ट बोलायची. वाक्यं सगळी निर्मलाने लिहून भरलेली.

करार पाठवायचा दिवस आला. दुपारची वेळ. मुंबईचे साहेब फोनच्या स्पीकरवर होते. सरांनी कागद शेवटचा वाचला आणि ‘मंजूर’वर बोट ठेवलं.

चौकट आली. आम्ही तिघंही मागे उभे होतो, त्यामुळे आम्हालाही दिसली.

‘हेमंता, खरंच देऊन टाकतोस? परत मिलनार नाय हां.’

सरांचं बोट थांबलं.

फोनमधून आवाज आला, “झालं का सर?”

“सिस्टीम विचारतेय,” सर म्हणाले.

“काय विचारतेय?”

“खरंच देतोस का म्हणून.”

“अहो, मग हो म्हणा ना!”

सरांनी मागे वळून पाहिलं. प्रसाद पंख्याकडे बघत होता. निर्मला ओढणीने चष्मा पुसत होती, फार वेळ पुसत होती. मी खिडकीबाहेर बघत होते. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या कंपनीची चिमणी आणि एक कावळा.

सर पुन्हा स्क्रीनकडे वळले. बराच वेळ वाचत राहिले. एवढ्याशा वाक्यात वाचायचं तरी किती! मग त्यांनी ‘नाय’वर बोट टेकवलं. कागद जागच्या जागी परत गेला.

“सर? आलं नाही अजून आमच्याकडे.”

“जात नाहीये,” सर म्हणाले.

“रीट्राय करून बघा ना!”

सरांनी पुन्हा ‘मंजूर’ दाबलं. चौकट पुन्हा आली, या वेळी चांगली मोठ्या अक्षरांत.

‘एकदा सांगितला ना! हात काड तितून!’

सरांनी झटकन हात मागे घेतला, अगदी लहान मुलासारखा. फोन तोंडाजवळ धरला आणि अतिशय नम्रपणे म्हणाले,

“केलं साहेब रीट्राय. आता तर ओरडायला लागली आहे.”

आणि फोन ठेवून दिला.